साडेसहाचं जेवण

माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी तिच्यावर रागावले आहे, म्हणून तिच्याकडे जेवत नाही. खरं कारण वेगळं होतं. मला स्तनाचा कॅन्सर झाला होता, आणि ते तिला सांगायचं नाही असं आम्ही भावंडांनी ठरवलं होतं.

ज्यांच्या हातात नुकताच रिपोर्ट आलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. औषधांचं तुमचे डॉक्टर सांगतीलच. मी माझ्या घरात काय झालं ते सांगते. त्यातला एक भाग तुम्हाला टाळता येईल असं वाटतं.

*

मी मंगल. हैदराबादेत तारनाक्याला राहते, एका शाळेत गणित शिकवते. तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. नवरा दिलीप सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात. एकच मुलगी, श्रुती, कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि बरेचदा घरूनच काम करते. माहेर अंबरपेठेत, म्हणजे ऑटोनं वीस मिनिटांवर. तिथे आई, धाकटा भाऊ सुधाकर आणि कल्पनावहिनी. आमची मूळ माणसं बिदरकडची, पण आजोबांपासून सगळं हैदराबादलाच.

अंघोळ करताना गाठ हाताला लागली. बोनालूच्या, म्हणजे इकडच्या देवीच्या सणाच्या, आधीचा आठवडा होता, गल्लीत मांडव घालत होते. मी तीन दिवस कुणाला काही बोलले नाही. चौथ्या दिवशी दिलीपला सांगितलं, त्यानं त्याच दिवशी रजा टाकली.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टर बराच वेळ बोलत होते. गाठ लहान आहे, वेळेवर आलात, आधी ऑपरेशन, मग केमो, मग रेडिएशन. दिलीप मान डोलावत होता. मला फक्त त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट दिसत होता. आणि ताई आठवत होती. माझी मोठी बहीण शारदाताई याच आजारानं गेली, बारा वर्षं झाली त्याला.

खाली आल्यावर दिलीपला स्कूटरच्या पार्किंगची चिठ्ठी सापडेना. सगळे खिसे बघितले, पाकीट बघितलं, पुन्हा खिसे बघितले. ती त्याच्या हातातच होती. पार्किंगवाला म्हणाला, "साब, हाथ में हैच ना." तेव्हा तो स्कूटरवर डोकं टेकून रडायला लागला. मी रडले नाही. मला ते जमलंच नाही त्या दिवशी.

*

सुधाकर संध्याकाळी घरी आला. "आईला सांगायचं नाही," हे त्याचं पहिलं वाक्य.

मलाही तेच वाटत होतं. ताईच्या शेवटच्या महिन्यात आई रोज डबा घेऊन तिच्याकडे जायची आणि तो तसाच परत आणायची. ताईला घास गिळवत नव्हता. आईच्या मनानं मात्र घेतलं की खाल्लं असतं तर पोरगी वाचली असती. "माझ्या हातचं खायची सोडली आणि गेली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली, कितीतरी महिने. आता ती अठ्ठ्याहत्तरची होती. दुसऱ्या मुलीच्या आजाराचं तेच नाव तिच्यापुढे कुठल्या तोंडानं घ्यायचं?

म्हणून ठरलं, टायफॉइड सांगायचा. हैदराबादेत टायफॉइडचं कुणी नवल करत नाही. अशक्तपणा, पडून राहणं, केस गळणं, सगळं त्यात बसत होतं. मीच ते जुळवलं. हुशारी केली असं वाटलं होतं मला.

*

ऑपरेशन नीट झालं. टाके सुकल्यावर, केमोच्या आधी, हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ स्वप्ना मॅडमकडे पाठवलं. त्या हैदराबादी हिंदीत बोलायच्या, मी मराठीत देते.

त्यांनी काय खाता हे विचारायच्या आधी किती वाजता खाता हे विचारलं.

"रात्रीचं जेवण साडेनऊ. कधी दहा."

"आणि सकाळचा चहा?"

"साडेपाच. बिस्किटं असतात दोन."

त्यांनी बोटांवर तास मोजले. "म्हणजे पोटाला जेमतेम आठ तास सुट्टी." मग समजावलं. शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं, उशिरा जेवलं की साखर जास्त चढते, झोप बिघडते. माझी साखर काठावरच होती. रात्री लवकर जेवून सकाळपर्यंत बारा-तेरा तास पोट रिकामं ठेवलं तर या आजारात फायदा होत असावा, असं काही ठिकाणी दिसलंय. "पण पक्कं झालेलं नाही. अजून शोधतायत लोक. हे औषध नाही, औषधाच्या जोडीला आहे. जमेल तसं करा."

त्या पुढेही काहीतरी बोलत होत्या. मी वहीत लिहीत होते: संध्याकाळी साडेसहा. सकाळी साडेसात. मधे तेरा तास.

त्या दिवसापर्यंत सगळं माझ्यावर होत होतं. सुया, कापणं, मशीन, सह्या. पहिल्यांदा कुणी मला असं काही दिलं की जे मी स्वतः करू शकत होते. मी ते घट्ट धरलं. जरा जास्तच घट्ट. पुढे त्याचं काय झालं ते ऐका.

*

श्रुतीनं मोबाइलला सव्वासहाचा गजर लावला. ती कामाच्या मीटिंगमधे कानात वायर अडकवूनच कुकर लावायची. मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दुधी. दिलीप ऑफिसातून तडक यायचा आणि बूट काढून सरळ ताटावर बसायचा. आम्ही तिघं दिवसाउजेडी जेवायचो. तशी गंमतच वाटायची पहिले आठ दिवस.

मग केमो सुरू झाली. हॉलमधे ओळीनं निळ्या खुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर सलाइन. तोंडाला लोखंडासारखी चव. तिथे यादम्मा नावाच्या एक आया होत्या. मला मळमळायला लागलं की त्या पदरातून अर्धं लिंबू काढून नाकाशी धरायच्या. "सूंघो अम्मा, सूंघो." औषधानं थांबलं नाही ते त्या लिंबानं कितीदा थांबलं.

घरी आल्यावर चार-पाच दिवस दिवसभर अन्न बघवायचं नाही. आठ वाजता कधीतरी जराशी भूक लागायची. मी म्हणायची, "श्रुती, थोडा दहीभात दे गं."

"मम्मी, नको ना. साडेसहा होऊन गेले. सकाळपर्यंत थांब. तुझ्याच भल्यासाठी आहे."

आणि मी थांबायची. तिच्या धाकानं नव्हे, मलाही तेच बरोबर वाटायचं. दुसऱ्या केमोपर्यंत माझं वजन चांगलंच उतरलं, उठताना चक्कर यायला लागली. स्वप्ना मॅडमनी काट्यावर उभं केलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"कुणी सांगितलं उपाशी राहायला? उलट्या होतात त्या दिवसांत घड्याळ नाही बघायचं! जे जाईल ते, जेव्हा जाईल तेव्हा. दहा वाजता भूक लागली तर दहा वाजता."

श्रुती बाहेर जाऊन कॉरिडॉरच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "मी तुला उपाशी मारत होते."

"नाही गं. आपण दोघी मिळून करत होतो."

हे मी मुद्दाम लिहितेय. लवकर जेवण चांगलं असेल, पण केमोच्या वाईट दिवसांत नियम पाळायचा हट्ट करू नका. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको. आम्ही ते शिकलो. पण चांगले दिवस आले की मी पुन्हा साडेसहावर. एका मिनिटाचीही सूट नाही.

*

आता आईचं.

लग्न झाल्यापासून रविवारचं रात्रीचं जेवण माहेरी, हा आमचा रिवाज. वडिलांचं दुकान होतं, ते नऊला यायचे, म्हणून माहेरी नऊला पानं घेतली जायची. वडील गेले तरी वेळ तीच राहिली. अंबाडीची भाजी, भाकरी, वर लसणाची फोडणी. आईला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, तरी रविवारची भाजी तीच करायची.

ऑपरेशननंतर महिनाभर मी गेलेच नाही. टायफॉइड. केमोच्या मधल्या बऱ्या आठवड्यात डोक्याला ओढणी गुंडाळून गेले. आईनं ओढणीवरून हात फिरवला. "येतील गं केस. तापानं जातात, पुन्हा येतात." मग आत वळून म्हणाली, "कल्पना, भाकऱ्या टाकायला घे."

"आई, मी जेवून आलेय."

ती थांबली. "जेवून?"

"हो. भूक नाही."

"माझ्याकडं येताना जेवून आलीस?"

दिलीप जेवला. मी पाण्याचा ग्लास घेऊन बसले. आईनं आपलं पान वाढून घेतलंच नाही. "मलाबी भूक नाही," म्हणाली.

पुढच्या वेळी तसंच. त्याच्या पुढच्या वेळीही तसंच. त्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मंगल, माझं काही चुकलं का?"

"काय गं, असं काय विचारतेस?"

"मागच्या वर्षी श्रुती लग्नाला तयार होत नाही त्यावरून मी बोलले. पोरीला डोक्यावर बसवलीस म्हणाले. ते तुझ्या मनात राहिलंय." तिचा आवाज बारीक झाला होता. "मी ते शब्द मागं घेते, बाई. पोरगी तुझी आहे, तुला कळतं. पण माझ्या घरात असं उपाशी बसू नको. ताईनंबी असंच ताट सरकवलं होतं."

सांगायची वेळ होती ती. तेव्हाच. माझ्या ओठांवर आलं होतं. बाहेरून सुधाकरच्या खोकण्याचा आवाज आला आणि मी म्हणाले, "नाही गं आई, ॲसिडिटी झालीय. डॉक्टरांनी लवकर जेवायला सांगितलंय."

"कोणता डॉक्टर असा? लेकीनं आईकडं जेवू नको म्हणणारा?"

मी हसून दाखवलं. ती हसली नाही.

*

बुधवारी तिचा फोन आला. आई फोन लावत नसे, वहिनींकडून लावून घेतला होता.

"किती वाजता जेवतेस तू?"

"साडेसहाला."

"या रविवारी ये. सहालाच पानं घेते."

मी येते म्हणाले. शुक्रवारी माझी शेवटची केमो होती. तिसऱ्या दिवशी मला अन्न बघवायचं नाही, तरी वाटलं दोन घास जमतील. त्या रविवारी मात्र सकाळपासून डोकं उचलवेना. दिलीप म्हणाला, "मी एकटा जाऊन येऊ का?" मी म्हटलं, नको, एकटा गेलास तर शंभर प्रश्न विचारेल. पाच वाजता श्रुतीनं फोन केला आणि सांगितलं की शाळेत अचानक काहीतरी काम निघालंय. रविवारी. शाळेत.

आई म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी कल्पनावहिनींचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नाहीत. "ताई, दुपारी तीनपासून गॅससमोर उभ्या होत्या आई. पन्नास वर्षांची वेळ मोडली तुमच्यासाठी. ताट वाढून दारात बसल्या होत्या. आता सगळं झाकून ठेवलंय आणि नुसत्या बसल्यात. सांगून टाका हो. माझ्याच्यानं हे बघवत नाही."

मी म्हटलं, "रेडिएशन संपू दे. महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न आहे. मग बरी झाले असंच सांगते. भीतीचं काही उरणार नाही."



त्यानंतर मी दोनदा गेले. आईनं जेवायचा विषय काढला नाही. मला पाणी दिलं, दिलीपला वाढलं, शेजारच्यांच्या लग्नाचं बोलली. पाहुण्या बाईशी बोलावं तसं.

*

रेडिएशनचा नववा दिवस होता. मशीनखालून उठून मी ओढणी नीट करत होते, तर बाहेर दिलीप माझी चप्पल हातात घेऊन उभा होता. "अंबरपेठेहून फोन होता. आई बाथरूममधे पडल्या. डोक्याला लागलंय."

आई दोन दिवस दुसऱ्या एका हॉस्पिटलात होती. शुद्धीवर आलीच नाही. पहिल्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी तिच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. "आई, मला टायफॉइड नव्हता. ताईला झालं होतं तेच मला झालंय. पण माझी गाठ लहान होती. मी बरी होतेय. मी रागावले नव्हते गं. मी तुझ्यावर कधीच रागावले नव्हते."

नर्स म्हणाली, "मॅडम, टाइम हो गया."

आईचा हात गरम होता. एवढंच मला सांगता येईल. त्यानं काही हालचाल केली, बोट दाबलं, असं काही झालं नाही. लोक मला विचारतात. नाही झालं.

ती गेली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. शेजारच्या तेलुगू मावशींनी भात आणि पप्पू, म्हणजे आपलं वरण, पातेल्यात भरून आणलं तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. श्रुतीनं माझ्याकडे बघितलं. मी ताट घेतलं आणि जेवले. माहेरी त्या सगळ्या महिन्यांत मी खाल्लेला तो पहिला घास, आणि तो आईच्या हातचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रेडिएशन. ते थांबवत नाहीत. मशीन लावणारी मुलगी रोजच्यासारखी म्हणाली, "गुड मॉर्निंग आंटी, कैसे हैं?" मी म्हटलं, ठीक. आणि त्या टेबलावर हात डोक्यावर ठेवून, हलायचं नसतं म्हणून न हलता, मी रडले. पाणी कानात जात होतं.

*

रेडिएशन संपल्यावर स्वप्ना मॅडमकडे गेले. साखर उतरली होती, झोप चांगली लागत होती. त्या खूश होत्या. मी विचारलं, "मॅडम, रविवारी एक दिवस उशिरा जेवले असते, तर?"

"तर काय?"

"तर काही नुकसान झालं असतं?"

"छे हो. सणवार, लग्न, माहेरचं जेवण, आठवड्यातून एखाद दिवस सहज चालतं. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की."

त्यांनी सांगितलंही असेल. त्या बोलत होत्या हे मला आठवतं. मी तेव्हा आकडे लिहीत होते.

दिलीपला घरी येऊन हे सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घड्याळाचा दोष नाही मंगल. आपण खोटं बोललो, त्याचा आहे. एकदा खरं सांगितलं असतं तर आईंनी स्वतः तुला साडेसहाला भरवलं असतं." त्यानं ते मला दुखवायला म्हटलं नव्हतं. पण मी आठ दिवस त्याच्याशी नीट बोलू शकले नाही. सुधाकरशी तर अजून या विषयावर बोलणं झालेलं नाही. तो आला की आम्ही आईच्या मोतीबिंदूबद्दल बोलतो, तिच्या साड्यांबद्दल बोलतो. याबद्दल नाही.

*

दोन वर्षं झाली. गोळी रोज चालू आहे, तपासण्या आत्तापर्यंत नीट येतायत. अजूनही मी सातच्या आत जेवते. त्याचा आजाराला उपयोग झाला का, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते खांदे उडवून हसतात आणि म्हणतात, झोप लागते ना, साखर ठीक आहे ना, मग चालू द्या. कुणाकडे जेवायला बोलावलं तर जाते, आणि ते वाढतील तेव्हा जेवते.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी हॉस्पिटलात नव्या बायकांजवळ बसायला जाते. मागच्या महिन्यात तिथे लावण्या भेटली. वरंगलकडची, तिशीची, पहिली केमो व्हायची होती. आईला तिनं सांगितलं होतं की कंपनीच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादला आलेय.

"आईला बीपी आहे आंटी," ती म्हणाली. "सगळं झाल्यावर सांगीन."

मी तिला माझ्या आईबद्दल सांगितलं. आत्ता लिहिलंय तेवढंच, याच क्रमानं. सल्ला काही दिला नाही. द्यायचा कसा? तिची आई मला माहीत नाही, तिचं बीपी मला माहीत नाही.

ती बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग तिनं फोन लावला. "अम्मा, तिन्नावा?" म्हणजे, आई, जेवलीस का? पलीकडून काहीतरी उत्तर आलं. लावण्यानं माझ्याकडे बघितलं, मी उठून बाहेर गेले.

थोड्या वेळानं फोनमधून तिच्या आईच्या रडण्याचा आवाज दाराबाहेर मला ऐकू आला. मोठ्यानं रडत होती ती. मला वाटलं, हे मी काय करून ठेवलं. आत जावं की नाही ते कळेना. मग रडणं थांबलं आणि त्या बाई प्रश्न विचारायला लागल्या, एकामागून एक, आणि लावण्या उत्तरं देत राहिली.

मी आत गेले तेव्हा तिचं तोंड सुजलं होतं.

"काय म्हणाली आई?"

"शिव्या दिल्या," ती म्हणाली. "आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं येतेय."